तानाबाईची अट

मुंबईचे कोणी शेठ भैरवनाथ क्लब विकत घ्यायला निघालेत, ही बातमी निगडीत आणली ती भैरू न्हाव्यानं. चिंचवडच्या बाजारात एका गिऱ्हाइकाची दाढी करताना ती त्याच्या कानावर पडली. गिऱ्हाइकाचा एक गाल तसाच साबणात ठेवून तो पळत सुटला की काय, असं वाटावं इतका धापा टाकत तो तानाबाईच्या गोठ्यामागं येऊन उभा राहिला. तानाबाई भिंतीवर गोवऱ्या थापत होती.

“काकी, आपला क्लब इकायला काढलाय म्हनं!”

“क्लब काय म्हस हाय व्हय रं, बाजारात न्यायला?”

“हसू नगा. खरंच सांगतो. चिंचवडाकडच्या माळावर मुंबईच्या शेठचा कारखाना हुनार हाय. कारखान्याच्या नावाची टीम पायजे त्यांना. नवी कुठं जमवत बसायची, म्हनून आपली बनी-बनाई घेनार. आन् त्यांना वाट दाखवतोय कोन, ठावं हाय? उद्धवराव ठेकेदार.”

तानाबाईच्या हातातला शेणाचा गोळा भिंतीकडं जायचा तो हातातच राहिला. मग तिनं तो भिंतीवर असा काही हाणला की भैरूच्या सदऱ्यावर शिंतोडे उडाले.

“येऊ दे त्याला,” ती म्हणाली.

तिचा नवरा कोंडीराम याच उद्धवरावच्या हाताखाली मेला होता. दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. देहूरोडला लष्कराचा डेपो उभा राहिला, रेल्वेच्या वाघिणींतून पेट्या उतरवायला माणसं कमी पडू लागली, आणि माणसं पुरवायचा ठेका उद्धवरावनं घेतला. निगडीचे निम्मे गडी त्याच्याकडं लागले. तिथं संध्याकाळी गोरे सोल्जर फुटबॉल खेळायचे. बाकीचे गडी काम सुटलं की घरची वाट धरत; कोंडीराम मात्र तारेच्या कुंपणाला नाक लावून उभा राही. एकदा कुंपणाबाहेर आलेला चेंडू त्यानं असा लाथाडला की तो थेट पलीकडच्या सोल्जरच्या छातीवर जाऊन बसला. त्या दिवसापासून त्याला त्या चेंडूचं वेडच लागलं. डेपोत चिमाजी नावाचा गावचाच हवालदार होता. त्याला धरून कोंडीरामनं आपल्या मुरमाड शेतातले धोंडे वेचले, दोन्ही टोकांना गोलाचे चार बांबू रोवले आणि गावाच्या देवाच्या नावानं भैरवनाथ क्लब काढला. तसंही त्या जमिनीत कुसळसुद्धा धड उगवत नव्हतं.

क्लबचा दुसरा हंगाम त्यानं पाहिला नाही. डेपोत कप्पीवरून पेटी खाली येताना दोर तुटला आणि कोंडीराम पेटीखाली सापडला. साहेबांनी चौकशी केली. उद्धवरावनं साहेबांपुढं सांगितलं, गडी दारू पिऊन आला होता, त्यानं भलताच हिसका मारला म्हणून दोर तुटला. झालं. चौकशी मिटली, ठेका चालू राहिला. कोंडीरामनं बापाच्या दारूपायी घर बुडालेलं पाहिलं होतं. मिसरूड फुटायच्या आत त्यानं भैरवनाथापुढं दारू न शिवण्याची शपथ घेतली होती, आणि ती पाळलीही होती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तरी गावानं ठेकेदाराचंच खरं मानलं, कारण गावाची चूल ठेकेदाराच्या कामावर पेटत होती. कप्पीवर कोंडीरामच्या जोडीला गेनबा होता. त्यानं साहेबांना “मी तिकडं बघत नव्हतो” एवढंच सांगितलं, आणि पुढच्याच महिन्यात तो मुकादम झाला.

तानाबाईचा मुलगा सयाजी तेव्हा लहान होता. पोरांची भांडणं झाली की त्याला ‘दारुड्याचा’ म्हणत. तानाबाई त्या पोरांना काही बोलत नसे. त्यांच्या बापांकडं मात्र बघून ठेवी.

मैदान तिनं मोडलं नाही. गावकऱ्यांना वाटे, नवऱ्याची आठवण म्हणून ठेवलंय. ते अर्धंच खरं होतं. दर सामन्याला गाव तिच्या जमिनीवर येऊन उभं राही, तिच्या नवऱ्यानं काढलेल्या क्लबच्या नावानं बेंबीच्या देठापासून ओरडे, आणि त्या गर्दीकडं बघत ती मनाशी म्हणे, वरडा मेल्यांनो, त्याच्याच नावानं वरडताय. पण वर्षं गेली तशी तीही ओरडू लागली. कोपऱ्यातल्या धोंड्यावर तिची जागा ठरलेली. पंच म्हणून आलेले साहेब लोक शिट्टी तोंडात घालण्याआधी तिच्याकडं बघून घेत. खडकीला सामना असला की पोरांच्या भाकऱ्या बांधून ती बैलगाडीतून जाई. सयाजी आता क्लबचा सेंटर फॉरवर्ड होता. अनवाणी पायांनी तो असा चेंडू मारी की गोलकीपर आधी स्वतःला वाचवी, मग गोल.

बातमी गावभर झाल्यावर क्लबचा अध्यक्ष चिमाजी हवालदारानं भैरवनाथाच्या देवळापुढं बैठक बोलावली. ज्यानं ज्यानं कधी मैदानाच्या कडेला उभं राहून घसा बसवला होता, तो तो आला. शेठांच्या वतीनं बोलायला गेनबा उभा राहिला. डोक्याला नवा पटका होता.

“हे बघा मंडळी,” तो म्हणाला, “शेठ टीमला बूट देनार, जर्सी देनार. मैदानाला भिंत, बसायला पायऱ्या. खडकीला जायला मोटार. आन् मोठी गोष्ट म्हंजी टीममधल्या परतेक पोराला कारखान्यात कायमची नोकरी. बदल्यात क्लबला कारखान्याचं नाव लागनार आन् मैदान कारखान्याच्या मालकीचं हुनार. त्यात आपलं काय वंगाळ हाय सांगा.”

“नाव बदलनार म्हंजी?” भैरू उठला. “मी वरडायचं काय? आजवर ‘भैरवनाथाच्या नावानं चांगभलं’ म्हनलं की पोरांच्या अंगात येतंय. आता ‘हरकिसन मेटल वर्क्सच्या नावानं चांगभलं’ म्हनू? जीभ तर वळाय पायजे!”

सगळे हसले. हसू ओसरल्यावर मागून एकानं विचारलं, “भिंत बांधल्यावर आत सोडायला तिकीट लावनार का?”

गेनबा जरा घुटमळला. “बाहेरच्यांना लावतील. गावच्यांचं बघू.”

“आन् टीममदी मुंबईची पोरं आनली तर? आपली पोरं बूट पुसायला?”

“आरं, नोकरी तर लागंल!” टीममधला एक पोरगा तडकला. “तुमाला वरडायला क्लब पायजे. आमाला उद्या लगीन करायचंय. पिंपरीत औषधाचा कारखाना आला तवा आपल्यातलं कितीजन घेतलं? फाटकावरनं परत पाठवलं. आता कुनी दारात येऊन बोलावतंय, तर तुमी भिंतीचं आन् तिकिटाचं काढताय.”

 जो तो शेजाऱ्याकडं बघू लागला. चिमाजी खाली मान घालून बसला होता. तो हळूच म्हणाला, “मी थकलोय, मंडळी. दर हंगामाला चेंडूसाठी दारोदार फिरतो. माझ्यामागं हे कोण करणार? मला विचाराल तर द्यावा. पण मैदान वैनींचं आहे. त्यांच्या अंगठ्याशिवाय काही होत नाही.”

सगळ्यांच्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. तानाबाई खांबाला टेकून बसली होती. ती नकार देणार, हे गावानं धरूनच ठेवलं होतं. ज्याच्यामुळं कुंकू गेलं त्याच्या हातात ती जमीन कशाला देईल? सयाजी दोन्ही हात गुडघ्यांभोवती आवळून आईच्या तोंडाकडं बघत होता. नोकरीच्या गोष्टीनं त्याचे डोळे कसे लकाकले होते, ते तिनं पाहिलं होतं.

“मी देते,” ती म्हणाली.

देवळापुढं एकदम कालवा झाला. तो थांबेपर्यंत ती थांबली.

“पन माजी एक अट हाय. कागद हितं न्हाई व्हायचा. मैदानात व्हायचा, सामन्याच्या दिशी, समद्या गावाम्होरं. उद्धवरावनं सोताहून यायचं. मी त्याला इचारीन त्याचं खरं खरं उत्तर त्यानं द्यायचं. त्यानं खरं सांगितलं, की मी अंगठा देते.”

गेनबाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. पण सगळ्या गावापुढं तो ‘नाही’ म्हणू शकत नव्हता. त्यानं पटका सावरला आणि म्हणाला, “सांगतो तसं त्यांना.”

घरी जाताना सयाजीनं विचारलं, “आये, खरंच देनार न्हवं?”

“समद्यांम्होरं बोलले न्हवं?”

तो खुश झाला. वाटेत तिनं घेतलेला चाऱ्याचा भारा त्यानं आपल्या खांद्यावर घेतला आणि कारखान्यात कोणकोणती यंत्रं असतात ते सांगत पुढं चालू लागला. तानाबाई मागून चालत होती. तिच्या मनात काय होतं ते तिनं त्याला सांगितलं नाही, चिमाजीला नाही, देवालाही नाही. ठेकेदारानं तिच्या माणसाबद्दल भर चौकशीत खोटं सांगितलं होतं. आता तिलाही एकदा, भर गावात, त्याच्याशी खोटं वागायचं होतं. अंगठा ती देणार नव्हती. देवळापुढं तोंड उघडलं तेव्हाच तिचं ते ठरलं होतं.

त्यानंतर सामन्याच्या दिवसापर्यंत ती अगदी मजेत होती. गोठा सारवला, ठेवणीतलं लुगडं काढून वाळत घातलं. भैरू रुसला होता, तर त्याला बोलावून चहा पाजला. “तू वरडायचं सोडू नगंस,” ती त्याला म्हणाली, “जे नाव असंल त्या नावानं वरड.” भैरूला वाटलं, म्हातारीलाही पैशाची भुरळ पडली. तो चहा न संपवता उठून गेला. त्याचंही तिला काही वाटलं नाही.

सामना पिंपरी कॅम्पातल्या टीमशी होता. पण निगडी, आकुर्डी, चिंचवड, अगदी निघोज्यापासून माणसं आली ती सामना बघायला नव्हे. मैदानाच्या एका अंगाला मांडव घातला होता, खुर्च्या मांडल्या होत्या. मुंबईहून हरकिसनशेठ आले होते. ठेंगणे, टोपी घातलेले, सारखे रुमालानं मान पुसत होते. त्यांच्या शेजारी पांढराशुभ्र लांब कोट आणि जरीचा फेटा घालून उद्धवराव बसला होता. कारखान्याच्या बांधकामाचा ठेकाही त्यालाच मिळणार होता. त्यामुळं शेठांपुढं वाकताना त्याची पाठ दुखत नव्हती.

पहिल्या अर्ध्यात सयाजीनं एक गोल केला. शेठांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टी झाली, पोरं पाणी प्यायला कडेला आली, आणि चिमाजी कागद, शाईचा डबा घेऊन मैदानाच्या मधोमध जाऊन उभा राहिला. तानाबाई आपल्या धोंड्यावरून उठली, पदर खोचला आणि चालू लागली. मांडवातून उद्धवराव आला, त्याच्यामागं शेठ, शेठांमागं गेनबा. माणसं कडा सोडून आत सरकली.

“विचारा, तानाबाई,” उद्धवराव हसून म्हणाला. “काय विचारायचंय ते मोकळेपणानं विचारा.”

“माझा नवरा मेला, त्या दिशी त्यो दारू प्यालावता का?”

हसू तसंच राहिलं, पण डोळे हलले. “अहो, ते जुनं झालं. देवाघरी गेलेल्या माणसाचं नाव आजच्या शुभ दिवशी कशाला…”

“दारू प्यालावता का?”

 हरकिसनशेठांना नीट कळलं नसावं. ते म्हणाले, “उद्धवराव, बाई विचारते ते सांगून टाका ना. सामना खोळंबला.”

उद्धवरावनं त्यांच्याकडं बघितलं, मग कागदाकडं. कागदावर मैदान होतं, मैदानामागं कारखाना होता, कारखान्यामागं त्याचा ठेका. बाईनं विचारलेल्या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येणार होतं.

“नव्हता,” तो पुटपुटला.

“मोठ्यानं बोला. पल्याडच्या बांबूपातूर ऐकू गेलं पायजे.”

“नव्हता प्यालेला!”

कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडं बघितलं नाही. त्यांच्यातल्या कैकांनी सयाजीच्या बापाला आपापल्या ओट्यांवर दारुडा ठरवलं होतं.

“मंग दोर कसा तुटला?”

“अहो, दोर म्हटल्यावर तुटतो कधी…”

तानाबाईनं त्याच्यावरची नजर काढली आणि मागं उभ्या असलेल्या गेनबाकडं वळवली.  गेनबानं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. हा आता बोलणार, हे उद्धवरावला दिसलं. आणि गेनबानं सांगण्यापेक्षा आपणच सांगितलेलं बरं, असा हिशेब त्यानं केला असावा.

“दोर जुना झाला होता,” तो घाईनं म्हणाला. “पेड उसवले होते.”

“तुमाला कुनी सांगितलं व्हतं का तसं?”

“कोंडीरामनं सांगितलं होतं. सकाळी.”

“मंग तुमी काय म्हनला?”

उद्धवराव शेठांकडं न बघता बोलला. “म्हणालो, आजचा दिवस काढा.”

 तानाबाईला वाटलं होतं, हे ऐकलं की आपल्याला रडू येईल. तसं काही झालं नाही. वर्षानुवर्षं धरून ठेवलेला राग उलट आणखीच घट्ट झाला.

“झालं समाधान?” उद्धवराव म्हणाला. आवाजातला मऊपणा गेला होता. “आता करा अंगठा.”

चिमाजीनं शाईचा डबा उघडून धरला. तानाबाईनं अंगठा शाईत चांगला बुडवला, दोनदा फिरवला. चिमाजीनं कागद पुढं केला. तिनं हात उचलला, कागदाच्या वरून नेला आणि उद्धवरावच्या पांढऱ्याशुभ्र कोटावर, खांद्यापासून पोटापर्यंत, निळाकाळा पट्टा ओढला.

“ह्यो घ्या अंगठा,” ती म्हणाली. “मैदान इकायचं न्हाई.”

 मग भैरूनं जी आरोळी ठोकली ती चिंचवडपर्यंत गेली असेल. “भैरवनाथाच्या नावानं!” आणि निम्म्या मैदानानं उत्तर दिलं, “चांगभलं!” निम्म्याच. उरलेली निम्मी माणसं गप्प उभी होती. त्यांची पोरं टीममध्ये होती.

उद्धवरावनं हात उगारला. चिमाजी मध्ये आला, म्हातारा झाला तरी हवालदार होता. “ठेकेदार,” तो म्हणाला, “हात खाली.” तेवढ्यात हरकिसनशेठ पुढं आले. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. ते त्या कोटावरच्या पट्ट्याकडं बघत होते.

“उद्धवराव,” त्यांनी विचारलं, “माझ्या कारखान्याच्या बांधकामावर माणसं तुमची, आणि दोर पण तुमचेच ना?”

उद्धवरावनं काही तरी सांगायला सुरुवात केली. शेठांनी रुमालानं मान पुसली, तानाबाईला नमस्कार केला आणि चालत जाऊन मोटारीत बसले. मोटार उद्धवरावला न घेताच निघाली. भर उन्हात, माणसांच्या गर्दीतून, तो तसला कोट घालून पायी सडकेपर्यंत गेला. त्याच्यामागून कुणी तरी ओरडलं, “आजचा दिवस काढा!” आणि हशा पिकला. पुढं ते वाक्य त्याला चिकटलंच. तो कुठल्याही बाजारात दिसो, मागून कुणी ना कुणी ते म्हणेच. बांधकामाचा ठेका दुसऱ्याला गेला. वर्षभरात तो घर बंद करून मुलीकडं राहायला गेला असं कळलं. तानाबाई ती बातमी दोनतीनदा सांगायला लावून ऐके.

पण त्या दिवशी सामन्याचा दुसरा अर्धा अजून व्हायचा होता. निगडीची पोरं मैदानात उतरली खरी, खेळलं कुणी नाही. सयाजी कमरेवर हात ठेवून मधोमध उभा राहिला. चेंडू पायाजवळून गेला तरी त्यानं पाय उचलला नाही. कॅम्पातल्या टीमनं गोलांवर गोल केले. तानाबाई धोंड्यावर उभी राहून ओरडत होती, “पळ की रं मुडद्या!” त्यानं एकदाही तिकडं पाहिलं नाही.

घरी आल्यावर तो ओट्यावरच उभा राहिला, आत आला नाही.

“तू शब्द दिलावतास.”

“त्याला दिलावता. त्यानं तुज्या बापाला…”

“त्यानं काय केलं ते मी ऐकलं. बरं झालं, समद्यांनी ऐकलं. मला बी आज रात्री नीट झोप लागली असती. पन त्यानं कबूल केल्यावर अंगठा का न्हाई दिलास?”

“त्याच्या हातात मैदान देऊ?”

“त्याच्या न्हाई, शेठच्या. आन् शब्द त्याला एकट्याला न्हवता दिलास. देवळाम्होरं बोललीस, समदी टीम तितं बसलीवती. आमी समद्यांनी खरं मानलं. त्यानं बापाबद्दल साहेबाला खोटं सांगितलं, तू आमाला सांगितलंस. मला सांग, माझ्यासाठी यात फरक काय?”

 इतकी वर्षं तानाबाईनं उद्धवरावसाठी शंभर उत्तरं तयार ठेवली होती. पोरासाठी एकही नव्हतं. “तुला न्हाई कळायचं,” ती म्हणाली. ते तिलाच पोकळ वाटलं.

सयाजी चिमाजीच्या घरी झोपायला गेला. काही दिवसांनी हरकिसनशेठांचा माणूस आला. शेठांनी चिंचवडजवळ आपलंच मैदान करायचं ठरवलं होतं आणि टीमही आपलीच उभी करणार होते. ज्यांना यायचं त्यांनी यावं. निगडीची बरीच पोरं गेली. सयाजी सगळ्यांच्या आधी गेला आणि तिकडंच खोली घेऊन राहिला.

गेनबा आला तो एका सकाळी. चपला फाटकाबाहेर काढून, पटका काढून हातात धरलेला.

“वैनी, मी त्या दिशी बोलनार व्हतो. देवाशपथ, त्वांड उघडलंवतं.”

“दिसलं मला.”

“मला माफ करा.”

तानाबाई सुपात ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. “गेनबा, तुला फुटबॉल लई आवडतो न्हवं?”

“कोंडीबानंच नाद लावला मला.”

“मंग ऐक. मैदान माझं हाय. तू हितनं पुढं त्यात पाय टाकायचा न्हाईस. मी जिती हाय तवर.”

गेनबानं पटका डोक्याला गुंडाळला आणि तो गेला. त्यानं तिचं ऐकलं. पुढच्या हंगामापासून तो मुंबई-पुणे सडकेच्या उंचवट्यावर, बाभळीखाली उभा राहून सामने बघू लागला. तिथून चेंडू लिंबाएवढा दिसत असेल. गोल झाला की त्याचे हात वर गेलेले मैदानातून दिसत. ते तानाबाईला बरं वाटे.

भैरवनाथ क्लब मोडला नाही, पण खिळखिळा झाला. चिमाजीनं शाळेतली पोरं धरून टीम भरली. त्यांना चेंडूमागं पळता येई, चेंडूपुढं नाही. दर सामन्याला हार ठरलेली. तरी भैरू ओरडे, तानाबाई ओरडे, आणि ज्यांची पोरं कारखान्यात लागली होती ती माणसंही चोरट्यासारखी येऊन कडेला उभी राहत.

हिवाळ्यात स्पर्धा लागली आणि चिठ्ठीत निगडीचा सामना नेमका हरकिसन मेटलशी आला, निगडीच्याच मैदानावर. कारखान्याची टीम मोटारीतून उतरली. लाल जर्सी, काळे बूट. सयाजी सगळ्यांत शेवटी उतरला. बुटांत त्याची चाल बदलली होती. तो आईच्या धोंड्यापासून चार हातांवरून गेला, थांबला नाही.

“काकी,” भैरूनं हळूच विचारलं, “आज कुनाच्या बाजूनं?”

“कुनाच्या म्हंजी? आपल्या.”

सामना सुरू झाला आणि पहिल्यांदाच सयाजीकडं चेंडू आला, तशी तानाबाई उठून उभी राहिली. “पाडा त्याला!” ती किंचाळली. “डाव्या पायानं वळतोय, डावीकडं धरा! आडवं घाला त्याला!” माणसं माना वळवून तिच्याकडं बघू लागली. शाळेतल्या एका दांडग्या पोरानं तिचं ऐकून सयाजीला आडवं घातलं. तो मुरमावर कोपर घासत पडला. तसा पडलेलाच त्यानं आईकडं पाहिलं. तिनं नजर हलवली नाही.

पंचानं फ्री किक दिली. सयाजीनं चेंडू ठेवला, दोन पावलं मागं गेला आणि असा मारला की गोलकीपरला कळायच्या आत चेंडू बांबूंच्या पार गेला.  तानाबाईनं पंचाला शिव्या घातल्या, गोलकीपरला घातल्या. मग मात्र ती खाली बसली. तो फटका तिनं ओळखला होता. कोंडीराम तसा मारी.

निगडी हरली, चांगलीच हरली. माणसं पांगली. लाल जर्सीवाले मोटारीकडं निघाले, आणि त्यांच्यातून सयाजी तिरका वळून धोंड्याजवळ आला. कोपरातून रक्त वाहत होतं. तिच्या घागरीवरचं भांडं त्यानं न विचारता उचललं, भरलं, घटाघटा प्यायला.

“कंपनी पानी देत न्हाई व्हय?” ती म्हणाली.

“देती.” त्यानं तोंड पुसलं. “तू मला पाडायला सांगत व्हतीस.”

“व्हय. परत आलास तर परत सांगीन.”

तो हसला की काय, ते तिला नीट दिसलं नाही. त्यानं तोंड सडकेकडं फिरवलं होतं. उंचवट्यावर बाभळीखाली गेनबा अजून उभा होता.

“आये, आता बोलीव की त्याला आत. म्हातारा झालाय.”

“न्हाई.”

  मोटारीनं भोंगा वाजवला. सयाजीनं भांडं घागरीवर पालथं घातलं, “येतो” म्हणाला आणि बुटांचा आवाज करत पळत गेला.

तानाबाईनं लुगड्याच्या पदरानं धोंडा पुसला आणि त्यावर बसली. मोटार वळणाआड जाईपर्यंत ती तिकडं बघत राहिली, आणि मग उंचवट्याकडं.